चारी चाकांनी थांबणारे चाचा

आमचे घरमालक माणूस भेटला की आधी त्याचं वजन सांगायचे. सलाम, रामराम, खुशाली हे सगळं नंतर. लोखंडाचा व्यापार. सगळी हयात बैलगाडीचे आख, चाकांवरच्या लोखंडी धावा आणि नांगराचे फाळ तोलण्यात गेलेली, त्यामुळे नजरेलाच पारडी फुटली होती. मी लग्न होऊन कारंज्याला आले, टांग्यातून उतरले, डोक्यावरचा पदर सावरत मान खाली घालून उभी राहिले, तर हे ओट्यावर बसल्या बसल्या माझ्या नवऱ्याला म्हणाले, "मास्तर, तुमी सव्वा मण. अन् बहू पावणेदोन मण. चांगलं झालं. आता वारा सुटला तरी घर उडून जात नाही."

आतून पडद्याआडून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अजी, जरा तरी लाज! नवी पोरगी आहे ते. ये वं बेटी, आत ये. यायच्या बोलण्याकडे ध्यान देऊ नको, हे मयताले गेले तरी वजनच सांगते."

आज माझ्या हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, म्हणून माझी नातवंडं हे खरं मानत नाहीत. पण तेव्हा मी होतेच तशी. माहेरी मला सगळे गुटगुटीत म्हणायचे आणि मला ते सौंदर्याचं नाव वाटायचं. शिवाय मी अमरावतीची, चौथी इंग्रजी झालेली. म्हणजे अंगानं पावणेदोन मण आणि डोक्यात हवा त्याहून जास्त. त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून मी खूप रडले, आणि रडून झाल्यावर चाचींनी पाठवलेल्या शिरखुर्म्याचे दोन वाडगे संपवले.

सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. उंच, हडकुळे, मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर मखमली टोपी आणि सदऱ्याच्या खिशात कायम नट आवळायचा पाना. त्या पान्यानं सगळे खिसे फाटलेले असायचे आणि चाची ते शिवून शिवून थकलेल्या असायच्या. लग्नाच्या पंगतीत बसले तरी पाना खिशातच. एकदा एका व्याह्यांना मिठी मारताना तो त्यांच्या बरगडीत असा लागला, की ते तीन दिवस वाकून चालत होते आणि चाचा सगळ्यांना सांगत होते, "त्यायचं वजन मागं होतं, म्हणून लागला."

चाचांचं एक वाक्य होतं. ते दुकानावरच्या पाटीसारखं दिवसातून कितीदा तरी यायचं: "दौडाले काय लागते? गधा भी दौडते. रुकाले अक्कल लागते."

थांबण्याचं त्यांना भारी वेड. टांगा कसा थांबतो, म्हैस कशी थांबते, बोलता बोलता माणूस कसा थांबतो, हे ते टक लावून पाहायचे. एकदा आमचे मास्तर पाण्याची घागर घेऊन ओल्या ओट्यावरून घसरले. घागर फुटली, मास्तर चिखलात. मी धावले, चाची पडद्यातून ओरडल्या. चाचाही धावत आले; पण मास्तरांना उचलायचं सोडून चिखलात उकिडवे बसले आणि घसरल्याच्या खुणेवरून बोट फिरवायला लागले.

"टाच पहिले गेली," ते म्हणाले. "मास्तर, पुढचा पाय थांबला अन् मागचा थांबलाच नाही. असं नाही चालत. चारी पायानं थांबावं."

"चाचा, मला दोनच आहेत," आमचे मास्तर चिखलातूनच म्हणाले.

"तेच तर चुकते."

पुढे आमची रिसोडला बदली झाली, तेव्हा भरलेली बैलगाडी निघायच्या बेतात असताना चाचांनी ती थांबवली आणि धुरेला हात लावून वजन पाहिलं. गाडी मागे जड झाली की आपल्याकडे उलाळ झाली म्हणतात. धुरा वर उचलते, बैलांचा गळा आवळतो. चाचांनी आमचं सगळं सामान खाली उतरवलं. जातं पुढे, पुस्तकांची पेटी मधोमध, मला कधी इकडे तर कधी तिकडे बसवून पाहिलं. गाडीवान कावला. "चाचा, रिसोडले जायचं हाय, लंकेले नाही!" चाचांनी एका बोटानं धुरा उचलून दाखवली आणि तेव्हाच जाऊ दिलं.

पण हे सगळं खरं सुरू झालं ते मोटारीपासून. मी कारंज्याला आले त्याच्या आधीच्या वर्षी एक इंजिनियर साहेब बदलून गेला आणि जाता जाता त्याची लहानशी बेबी मोटार चाचांच्या गळ्यात बांधून गेला. तिनं बाभळीला धडक दिली होती. चाचांनी तिचं वाकलेलं सगळं काढून टाकलं. दारं काढली, छत काढलं, काच काढली, मागची गादी काढली. उरलं काय, तर इंजिन, चार चाकं, पुढची एक बैठक, आणि मागच्या चाकांवर ठोकलेली सागाची एक फळी. ती इतकी हलकी झाली होती, की चार पोट्टे मिळून तिला उचलून नालीच्या पलीकडे ठेवायचे. कारंज्यात तिला सगळे नागडी म्हणत. चाची ते नाव तोंडात घेत नसत. त्या नुसतं "ते" म्हणत.

नागडी पळायची मात्र! हँडल मारलं की आधी शिंकायची, मग खोकायची आणि मग जी सुटायची, ती गावातल्या सगळ्या कुत्र्यांना मागे टाकून. अडचण एकच. थांबायची नाही. म्हणजे थांबायची, पण आपल्या मनानं.

ब्रेकचं गणित मला चाचांनीच समजावलं, तेही विहिरीवर. खाली पायानं दाबायची एक पट्टी असते, तिच्यापासून चारी चाकांकडे चार सळया जातात. सळईच्या टोकाला आटे असतात, त्यावर नट. नट आवळला की सळई आखूड होते, त्या चाकाचा ब्रेक कडक लागतो. सैल केला की नरम. डावं-उजवं सारखं ठेवणं सोपं. खरी मेख पुढच्या-मागच्याची.

चाचा जन्मभर बैलगाड्यांच्या लोखंडात वाढलेले. त्यांनी पहिला विचार बैलगाडीचा केला. "बैल कोठी रायते? पुढं. गाडी कोण थांबवते? बैल. मंग ब्रेक पुढंच पाहिजे, मागं कायले?" असं म्हणून त्यांनी पुढचे दोन नट करकचून आवळले, मागचे सोडून दिले, आणि नागडी बाजाराच्या रस्त्यानं काढली. समोर लाल मिरच्यांचा ढीग. चाचांनी ब्रेक दाबला आणि चाक वळवलं. पुढची चाकं जागच्या जागी आवळली गेली होती. ती फिरेनात, आणि न फिरणारं चाक वळतही नाही. चाचा सुकाणू उजवीकडे फिरवताहेत आणि नागडी नाकासमोर घसरत चालली आहे. ती ढिगात गेली. सगळा बाजार संध्याकाळपर्यंत शिंकत होता. जैन मंदिराकडून येणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून चाचांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या, आणि चाचा डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत रस्त्यावर पालथे पडून चाकाच्या खुणा वाचत होते.

मग त्यांनी उलटं केलं. सगळा जोर मागे. या वेळी शेजारी आमचे मास्तर बसले होते, कारण भाडेकऱ्याला नाही म्हणता येत नाही. गावाबाहेरच्या जिनिंगमागे मोकळं मैदान होतं, तिथे नागडी सुसाट गेली. चाचांनी ब्रेक दाबला, मागची चाकं आवळली, आणि नागडीचं शेपूट धुरळा उडवत पुढे आलं. धुरळा खाली बसला तेव्हा मोटारीचं तोंड आल्या वाटेकडे होतं. मास्तरांचा चष्मा बाभळीवर अडकला होता आणि मास्तर दोन्ही हातांनी हवा चाचपत होते.

"मास्तर, तिकडे काय पाहून राह्यले? कारंजं इकडे आहे."

"चाचा, मी काहीच पाहून नाही राह्यलो."

तेव्हापासून चाचांनी जगातल्या माणसांचे दोन भाग केले. पुढच्या ब्रेकवाले एकदा अडले की वळत नाहीत. आणि मागच्या ब्रेकवाले थांबतात, पण तोंड फिरवून. आमचे मास्तर पहिल्यातले. एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी नाही. मी मोठ्या आशेनं विचारलं, "आणि मी, चाचा?"

"तुले ब्रेकच नाही, बहू."

मी ते कौतुक समजले.

आता ज्यासाठी हे सांगायला बसले ते सांगते. आमच्या गावाबाहेर दरवर्षी शंकरपट भरायचा. बैलजोड्यांची शर्यत; सरळ लांब पट्टी, शेवटाला जाड दोर बांधलेला आणि दोराच्या मागे व पट्टीच्या दोन्ही कडांना गर्दी. दुपारी बैल सावलीत गेले की पट्टी मोकळी व्हायची. मी सांगते त्याच्या आदल्या वर्षी त्या वेळेत पाटलांनी चाचांना नागडी पळवून दाखवायची परवानगी दिली होती. नागडी वाऱ्यासारखी पळाली आणि दोराजवळ येऊन शेपटानं अशी फिरली, की पाणीवाल्या म्हातारीचा रांजण फुटला आणि पाटलांच्या पागोट्यापासून पायातल्या जोड्यांपर्यंत सगळं भिजलं. पाटील पटाचे पंच. त्यांनी त्याच ओल्या पागोट्यानं हुकूम सोडला: पुन्हा हे यंत्र पट्टीवर दिसायचं नाही.

चाचांनी वर्षभर पाटलांच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी एक दिवस पाटील स्वतः आमच्या ओट्यावर आले, पान खाल्लं आणि म्हणाले, "चाचा, एक डाव देतो. एकच. दोराच्या अल्याड चुन्याची रेघ मारतो. त्या रेघेआधी सरळ उभी राह्यली तं दरवर्षी आणा. तिरपी झाली तं पुन्हा माह्या तोंडापुढं आणू नका."

चाचा काही बोलायच्या आत पडदा हलला. "पाटील, माझंबी ऐका," चाची म्हणाल्या. "तिरपी झाली, तं दुसऱ्याच दिवशी ते दुकानात आणून छन्नी लावीन. गाडीवानाइले आख लागतेच, लोखंड वाया जाणार नाही. या माणसानं घराचं कवाड बदलवलं नाही दोन वरसं, त्या लोखंडापायी. माझी छन्नी तयार आहे."

"अगं..." चाचा म्हणाले.

"पाटील साक्षीदार आहे."

"आहो बाप्पा," पाटील म्हणाले आणि लगबगीनं निघून गेले.

चाचा त्या दिवशी जेवले नाहीत. चाची एकदा बोलल्या की बोलल्या, हे त्यांना तीस वर्षांच्या संसारात पक्कं ठाऊक होतं.

मग चाचा रोज दुपारी जिनिंगमागच्या त्या मैदानात. पुढे किती, मागे किती. मला विहिरीवर थांबवून म्हणाले, "बहू, घागर घेऊन चाल. हां. आता एकदम थांब. पाणी कोणीकडे आलं?"

"पुढं. आणि माझ्या पोलक्यावर."

"तसंच मोटारीचं. थांबताना सगळं वजन पुढं धावते. मागचे चाकं होते पोरके. त्याइले जास्त ब्रेक लावला की ते घसरलेच समज. म्हणून पुढं जास्त, मागं कमी. पण किती कमी? इथंच घोडं अडते. हिचं शेपूट लय हलकं आहे."

शेपूट जड करायला त्यांनी सरकीचं पोतं ठेवून पाहिलं. ब्रेक लागला की ते घसरून पुढे, चाचांच्या पाठीवर. लोखंडी वजनं ठेवली. ती आदळून फळीला भेग गेली. चाचा फळीकडे पाहत डोकं खाजवत होते आणि मी चाचींनी पाठवलेला ताकाचा तांब्या घेऊन तिथे आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"बहू, मोटारीत बसशील काय?"

इथे माझी अक्कल बघा. त्या माणसानं पहिल्या दिवशी, तोंडावर, चारचौघांत माझं वजन सांगितलेलं. आत्ताच माझ्यादेखत पोतं घसरलेलं, फळी चिरलेली. तरी मला वाटलं, चाचांनी आपलं धैर्य ओळखलं! कारंज्यात चौथी इंग्रजी झालेली, मोटारीत बसायला न भिणारी दुसरी आहे कोण? घरात पाल दिसली की मी माळवदावर जात असे, ती गोष्ट वेगळी.

मास्तरांना विचारलं. ते दुपारच्या सुट्टीपासून संध्याकाळपर्यंत गप्प राहिले. म्हणजे ब्रेक लागला नव्हता. चाचींनी तोड काढली. "मी दमणीत बसून तिथंच रायते. कोण काय बोलते पाहू." दमणी म्हणजे छप्परवाली छोटी बैलगाडी. तिला पडदा लावून चाची मैदानाच्या कडेला बसायच्या, आणि त्या बसल्यावर गावात कोणाची जीभ उचलायची हिंमत नव्हती. मास्तर रुमाल घेऊन उभे राहायचे. त्यांचा रुमाल पडला की चाचांनी ब्रेक दाबायचा. आणि मी मागच्या फळीवर, दोन्ही बाजूंच्या दोरांना धरून, नाक वर करून.

"बहू, थोडी मागं सरक. हां. आता डावीकडे." मला वाटायचं, किती काळजी घेतात.

त्याच दिवसांत संकष्टी आली. मी उपास धरला. चाचांना कसं कळलं देव जाणे, पण सकाळपासून आमच्या दारात रांग लागली. केळीची फणी आली. शिंगाड्याचं पीठ आलं. शेंगदाण्याचे लाडू आले. स्वतः चाचा ओट्यावर येऊन हात जोडून म्हणाले, "बहू, तुमच्या देवाले माझा सलाम सांग, पण तू पोटभर खा. पट होऊ दे, मंग तुझ्यासंगं मीबी उपास करीन." मी मास्तरांना म्हटलं, "पाहा, दुसऱ्या धर्माचा माणूस, पण माया किती!" मास्तर केळं सोलत माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना कळलं होतं. सोललेलं केळं त्यांनी माझ्याच हातात दिलं.

प्रत्येक फेरीनंतर चाचा पालथे पडून खुणा वाचायचे. चाक फिरत थांबलं की मातीत टायरची नक्षी उमटते. आवळून घसरलं की नुसता गुळगुळीत पट्टा. मग मला विचारायचे, "शेपूट कसं वाटलं?" पहिल्यांदा मी पुस्तकी भाषेत खूप काही सांगितलं. चाचा म्हणाले, "हे मास्तरले सांग. मले पोटातलं सांग." तेव्हापासून मी पोटातलं सांगायला लागले. शेपूट सुटायला लागलं की बेंबीच्या मागे पाखरू उडाल्यासारखं व्हायचं. चाचांना पुढे बसून ते कळत नसे. मला फळीवर, खुणा उमटायच्या आधी कळे.

"पाखरू उडालं काय?"

"उडालं, पण लहान. चिमणी."

"मंग मागचा अर्धा आटा सैल."

मोर, कावळा, चिमणी असं करत करत एक दिवस आला. रुमाल पडला, चाचांनी ब्रेक दाबला, नागडीनं मान खाली घातली आणि चारी चाकांनी एकदम थांबली, जशी ओळखीच्या दारात गाय थांबते. पोटात काहीच उडालं नाही. चाचा खाली उतरले, खुणा पाहिल्या, आणि मखमली टोपी आकाशात फेकली. ती मास्तरांना शोधून आणावी लागली.

पटाच्या दिवशी मी हिरवं लुगडं नेसले, नथ घातली, वेणीत शेवंती माळली. लोक आपल्यालाच पाहायला येणार, यात मला शंका नव्हती. दुपार झाली, बैल सावलीला गेले, चाचांनी हँडल मारलं. मी फळीवर चढून बसले. पाटील तरातरा आले.

"हे काय? बाई काहून बसवली?"

"पाटील, बसू द्या," चाचा म्हणाले.

"अजी, पट्टीवर बाई पाय ठेवत नाही, तुमाले मालूम नाही काय? बापजाद्यापासून रिवाज आहे. उतरवा."

चाचा काकुळतीला आले. सगळे नट माझ्यावर जमवलेले. मी उतरले की शेपूट पुन्हा हलकं, मागचा ब्रेक पुन्हा जास्त, नागडी पुन्हा गिरकी घेणार, आणि उद्या सकाळी छन्नी. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्या पटाला ऐकू जाईल असे ओरडले, "पाटील, खुदाची कसम, हे बाई नाही हो! हे वजन आहे! पावणेदोन मण वजन आहे हे!"

आधी दोराजवळचे हसले. मग ज्यांना ऐकू आलं नव्हतं त्यांना हसणाऱ्यांनी सांगितलं, मग ते हसले. माझ्या डोळ्यांपुढून केळी गेली, शिंगाडे गेले, शेंगदाण्याचे लाडू गेले. "थोडी मागं सरक" गेलं. मी उतरले आणि नथ सावरत, तरातरा, चाचींच्या दमणीत जाऊन बसले.

"काय झालं वं?"

"मी वजन आहे!" मी रडत म्हणाले. "नुसतं वजन!"

चाची हसल्या. इतक्या हसल्या की दमणीचे बैल हलले. "मंग? मी तीस वरसापासून त्या घरात काय आहे? मी नसती तं तो माणूस कवाच गिरकी खाऊन नालीत पडला असता. वजन म्हणजे काय खराब गोष्ट आहे काय, बेटी?"

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. चाचा नागडीखाली पालथे पडून मागचे नट सैल करायला लागले होते. पण किती? अंदाजानं एका दुपारी जमायची ती गोष्ट नव्हती, हे त्यांच्याएवढंच मला माहीत होतं. ते पाना लावत, थांबत, पुन्हा लावत. पाटील छत्री टेकून उभे. जवळ पोट्टे ओरडत होते, "चाचा, छन्नी! छन्नी!" म्हणजे चाचींचं बोलणं गावभर झालेलं होतं.

"तुमची तर इच्छा पूर्ण होते, चाची," मी नाक पुसत म्हटलं.

 चाचीही फटीतून पाहत होत्या. म्हणाल्या, "टोपीत माती गेली, पाह्य, त्याच्या."

मी पदर खोचला आणि खाली उतरले. पाटलांसमोर जाऊन उभी राहिले. 

"पाटील, मोटारीत पोतं ठेवलेलं चालते?"

"पोतं? चालते न."

"लोखंड?"

"चालते."

"दगड?"

"चालते वो बाई, चालते. काहून?"

"मंग वजन चालते. आत्ता चाचांनी सगळ्यायच्या समोर कसम खाल्ली, मी वजन आहे. अन् माझा पाय पट्टीला लागणार नाही. पोतं काही पायी चालत नाही. दोराबाहेरून मले उचलून ठेवा."

 पाटील पोटापासून हसायला लागले आणि त्यांचं पागोटं डोळ्यांवर आलं. "मास्तर!" ते ओरडले. "तुमचं काय म्हणणं आहे?"

सगळे आमच्या मास्तरांकडे वळले. ते रुमाल घेऊन आपल्या जागी उभे होते. मला वाटलं, आता हे नाही म्हणणार, आणि मग संपलं. त्यांनी चष्मा पुसला.

"दोर घट्ट धर," ते मला म्हणाले.

चाचांनी नागडी ढकलत दोराबाहेर आणली, मला फळीवर चढवलं आणि सैल केलेले नट पुन्हा होते तिथे आणले. मग नागडी पट्टीच्या पलीकडच्या टोकाला गेली. चाचांनी मागे वळून पाहिलं. "बहू, माफ कर."

"पुढं पाहा, चाचा."

पुढचं सगळं वाऱ्यात झालं. शेवंती उडाली, पदर उडाला, नथ गालावर आपटायला लागली. दोन्हीकडचे लोक एक लांब रंगीत रेघ झाले. दोर वाढत वाढत अंगावर आला, त्यामागची तोंडं दिसायला लागली, त्यातली काही पळायच्या बेतात. रुमाल पडला. चाचांनी ब्रेक दाबला आणि मला आतून कळलं की नागडी आज जास्त जोरात आली आहे. पाखरू पंख फुगवायला लागलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण मी दोर घट्ट धरून सगळं अंग मागे टाकलं. माहेरच्या सगळ्या तुपासकट, सगळ्या केळ्यांसकट. पाखरू बसलं. नागडीनं मान खाली घातली आणि चुन्याच्या रेघेच्या अल्याड, सरळ, उभी राहिली.

कोणी ओरडलं नाही. आधी सगळ्यांना धुरळा खाली बसायला हवा होता.

चाचा उतरले ते थेट पालथे. पाटील गुडघ्यांवर वाकले. मग बाकीचे पंच वाकले. मातीत चार चाकांच्या नक्षीच्या रेघा होत्या, पट्टीसारख्या सरळ. पाटलांनी त्यावर काठी आडवी ठेवून पाहिली. मग उठून गर्दीकडे वळले आणि म्हणाले, "सरळ आहे बे!" तेव्हा कुठे पट दणाणला. हलगीवाला सुटला, पोट्टे दोराखालून आत घुसले, आणि आमचे मास्तर, जे कधी मोठ्यानं बोलत नसत, ते हातातला रुमाल डोक्यावर गरागरा फिरवत होते.

त्या गोंधळात दमणीचा पडदा बाजूला झाला. चाची उतरल्या. काळ्या बुरख्यात त्या सरळ पट्टीवरून चालत आल्या. पाटील बघतच राहिले आणि रिवाजाचं नाव काढायचं विसरले. गर्दी आपोआप दुभंगली. चाचा उठून उभे राहिले, टोपी झटकली, दाढी झटकली. त्यांच्या तोंडावर ते जिंकले आहेत असं काहीच नव्हतं. ते छन्नीवाल्या माणसाकडे पाहावं तसे बायकोकडे पाहत होते.

चाचींनी रेघा पाहिल्या. नागडीभोवती एक फेरी मारली. इंजिन गरम होतं, त्यावर हात ठेवून पटकन काढला. मग मागे आल्या, फळीच्या खालच्या पट्टीवर पाय ठेवला आणि मला म्हणाल्या, "सरक वं, बेटी."

मी सरकले. त्या चढल्या आणि बुरखा सावरून माझ्या शेजारी बसल्या. फळी करकरली.

चाचांचा चेहरा पांढरा पडला. "अगं, हे काय करून राह्यली? दोघींचं वजन! मागं किती झालं आता! सगळं जमवलेलं बिघडन न! ब्रेक पुन्हा पहिल्यापासून..."

"मंग जमवा," चाची म्हणाल्या.

 चाचांनी खिशातून पाना काढला, टोपी नीट बसवली आणि ते सगळ्या पटादेखत नागडीखाली शिरले. नुसते पाय बाहेर दिसत होते, आणि त्यांची बोटं नाचत होती.

"पाऊण आटा लागन," खालून आवाज आला. "नाहीतर एक. टाइम लागन हो!"

चाचींनी माझ्या वेणीतलं उरलेलं एक शेवंतीचं फूल नीट खोचलं.

"लागू द्या," त्या म्हणाल्या. "आमी बसलो आहो."